राखणदाराची राखण कोण करणार?

आष्ट्यातून कुठल्याही मळ्याच्या वाटेला लागा, वस्ती दिसायच्या आधी कुत्र्याचा आवाज कानावर येतो. पूर्वी घर गावात आणि गोठा मळ्यात, अशी रीत होती. आता पुष्कळांनी मळ्यातच घरं बांधली आहेत. घर मळ्यात गेलं तसं कुत्रंही गेलं. कुठं एक, कुठं दोन, कुठं चार. मोती, राजा, वाघ्या, टिप्या अशी त्यांची नावं. मिळेल तो भाकरीचा तुकडा खायचा, दिवसा गंजीच्या सावलीला पडायचं आणि रात्री भुंकायचं, हा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या जिवावर घरची माणसं निर्धास्त झोपतात.

पण हे कुत्रं रात्री कुठं निजतं, कुठवर भटकतं, भाकरीशिवाय काय खातं, त्याला लस टोचली आहे की नाही, याचा हिशेब किती घरांत ठेवला जातो? म्हशीच्या वेताची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, कुत्र्याच्या लशीची कुणालाच नसते. बिबट्या अंगणापर्यंत का येतो, माळावरच्या खोकडाला कशाची भीती आहे, कळपातली मेंढी गोल गोल का फिरते, आणि कुत्रं चावून माणसं अजूनही का मरतात, हे चार प्रश्न वेगवेगळे वाटतात. पण चारही प्रश्न फिरून दारातल्या कुत्र्यापाशीच येतात. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंनी आणि गावकारभाऱ्यांनी जरा सवडीनं वाचावा.

एका जिल्ह्यात दोन मुलूख

सांगली जिल्हा म्हणजे दोन वेगळे मुलूख. पश्चिमेला शिराळा आणि वाळवा. तिथं कृष्णा-वारणेचं पाणी, ऊस, हळद, आणि शिराळ्याच्या डोक्यावर चांदोलीचं जंगल. पूर्वेला कवठेमहांकाळ, जत, आटपाडी. तिथं वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. बाभळ, बोर, निवडुंग, कुसळी गवताचा माळ आणि मेंढरं. राजस्थानासारखं वाळूचं वाळवंट आपल्याकडं नाही, पण पाण्यासाठीची वणवण आणि जनावरांच्या जिवावर चालणारा संसार तोच. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी पोचलं तिथं चित्र बदललं, न पोचलं तिथं माळ अजून माळच आहे.

या दोन मुलखांतली रानटी जनावरंही वेगळी. उसाच्या फडात बिबट्या, कोल्हा, रानमांजर, डुक्कर. माळावर लांडगा, खोकड, ससा, घोरपड, कुठं तरस. आणि दोन्हीकडं सारखा असणारा एकच प्राणी म्हणजे कुत्रा. दिवाळीनंतर माळ वाळला की पूर्वेकडचे मेंढपाळ कळप घेऊन नदीकाठाकडं निघतात. आपल्या रानात मेंढरं बसवली की खत होतं, म्हणून ऊसवालाही त्यांची वाट बघतो. कळपाबरोबर त्यांची कुत्री येतात, वाटेतल्या गावांच्या कुत्र्यांशी भांडतात, मिसळतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर जातात. कुत्र्याचा रोगही याच वाटेनं जातो-येतो. तेव्हा जतचा प्रश्न आष्ट्याचा नाही, असं म्हणून भागत नाही.

कुत्र्याला आपल्याकडं मानही कमी नाही. औदुंबरला आणि नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्याला दत्ताच्या पायाशी चार कुत्री ठाऊक आहेत. पालीच्या खंडोबालाही कुत्रं जवळचं, म्हणून त्याला भंडारा लागतो. मुधोळचं शिकारी कुत्रं तर पोस्टाच्या तिकिटावर गेलं, ते २००५ साली. कारवानी आणि मुधोळ जातीची लांबसडक कुत्री आपल्या भागातले हौशी लोक अभिमानानं पाळतात. मान आहे, हौस आहे. कमी आहे ती निगा.

परड्यातले पाहुणे

आधी अंगणातलं बघू. वस्तीच्या परड्यात धान्य असतं, पेंड असते, कोंबड्यांचं खाद्य असतं. म्हणून उंदीर येतो. उंदरामागं धामण येते, नाग येतो, घोणस येते. सापामागं मुंगूस. रात्री गोठ्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबड बसतं, झाडाच्या ढोलीत पिंगळा. यांतलं कुणीच आपल्या वाइटावर नसतं. धामण बिनविषारी असते आणि उंदीर मारण्यात मांजराला हार जात नाही. घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलतात, पण त्याचं पोट उंदरांवरच भरतं.

उसाच्या कडेचा कोल्हाही असाच बदनाम. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण खरीच आहे, काकडी-कलिंगडाचं तो थोडं नुकसान करतो. पण उंदीर, घुशी आणि मेलेलं जनावरही तोच खातो. माळावरचं खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं. उंदीर, किडे, टोळ आणि हंगामात बोरं हा त्याचा आहार. शेळीला ते हात लावू शकत नाही. शेतकऱ्याला फुकटात मिळालेला हा गडी आहे.

मोकळं, अर्धपोटी कुत्रं या सगळ्यांच्या मागं लागतं. मुंगूस मारतं, घोरपडीला घेरतं, सशाचं पिल्लू उचलतं, टिटवीची जमिनीवरची अंडी खातं. काही ठिकाणी तर मुद्दाम कुत्री घालून ससा धरण्याची खेळी चालते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा, घोरपड, खोकड, लांडगा या साऱ्यांना संरक्षण आहे. ‘कुत्र्यानं धरला, मी नाही’ ही सबब चालत नाही.

एक उपयोगाची गोष्ट इथंच सांगून ठेवतो. कुत्रं एकाच जागेकडं तोंड करून, अंतर राखून, सारखं भुंकत असेल तर तिथं साप असण्याचा संभव असतो. बॅटरी लावून लांबूनच बघावं. गवतात, सरपणात, विटांच्या ढिगात हात घालू नये.

बिबट्याचं लक्ष कशावर?

शिराळा-वाळवा पट्ट्यात बिबट्या आता नवलाचा राहिला नाही. ऊस बारा-बारा महिने उभा असतो, आत सावली आणि पाणी असतं. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून सोयीची जागा नाही. मग तो खातो काय? शेळ्या-वासरं, असं कुणीही सांगेल.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचाच अभ्यास केला. तो मुलूख आपल्यासारखाच: ऊस, मका, वस्त्या, आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं. कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तेवढीच तरसं निघाली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढं बिबट्यांची विष्ठा तपासून ते काय खातात याचा हिशेब काढला, तो २०१६ साली छापून आला. बिबट्याच्या एकूण खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. मांजरं १५ टक्के. शेळ्या फक्त ११ टक्के.

अकोल्यात कुत्र्यांपेक्षा शेळ्या कितीतरी जास्त. तरी असं का? कारण साधं आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं अंगणात उघड्यावर निजतं. जे हाताशी लागतं ते बिबट्या उचलतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, गोठा नीट बंद केला तर शेळी वाचते, हे शेतकऱ्यांनीच करून दाखवलं आहे. दुसरी, उघड्यावरचं कुत्रं बिबट्याला अंगणाची वाट दाखवतं. ज्या उकिरड्यावर आणि कोंबड्यांच्या शेडमागं दहा कुत्री जमतात तिथं बिबट्याची ये-जा व्हायची. त्याच अंगणात आपली लेकरं खेळतात, पहाटे बाया-माणसं अंधारात बाहेर पडतात. म्हणून राखणदाराला रात्री आसरा हवा. जुन्या पत्र्याचा, लाकडाचा किंवा विटांचा खोका करावा आणि पुढं मजबूत लोखंडी जाळीचं दार लावावं. आतून कुत्र्याला दिसतं, वास येतो, भुंकता येतं. राखण होते आणि जीवही वाचतो. आखूड साखळीनं उघड्यावर बांधलेलं कुत्रं मात्र बिबट्याच्या तोंडी आयतं दिल्यासारखं आहे. त्याला ना पळता येतं, ना लपता येतं.

बिबट्या दिसला की ‘पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा’ अशी मागणी होते. ती समजण्यासारखी आहे. पण जुन्नर भागातला अनुभव लक्षात घ्यावा. तिथं पकडलेले बिबटे दुसरीकडं नेऊन सोडण्याचा कार्यक्रम २००१ च्या सुमारास जोरात चालला. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेल्याचं अभ्यासात दिसलं. एक हलवला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि हलवलेला बिचकलेला असतो. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट निराळी. तिथं वन विभागानं हालचाल केलीच पाहिजे. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा, हा उपाय नव्हे.

ऊसतोडीत फडात पिल्लं सापडली तर त्यांना हात लावू नये, घरी आणू नये, फोटोसाठी घोळका करू नये. तेवढा तुकडा सोडून तोड दुसरीकडं न्यावी आणि वन विभागाला कळवावं. मादी बहुतेक वेळा रात्री येऊन पिल्लं घेऊन जाते. वन विभागाचा फुकट फोन क्रमांक १९२६ आहे. जनावर मारलं गेलं तर ते हलवू नये, ४८ तासांच्या आत कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईचा कागद तिथूनच सुरू होतो.

गिधाडं गेली, कुत्री वाढली

आता मूळ दुखण्याकडं येऊ. गावात कुत्री इतकी झाली कशी? चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची आणि थोड्याच वेळात हाडांचा सांगाडा उरायचा. १९९० नंतर ही गिधाडं झपाट्यानं संपली. जनावरांना ताप-सुजेवर टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधानं ती मरत होती. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. केंद्र सरकारनं २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केलं. तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती.

गिधाडाच्या ताटावर कुत्री बसली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंदाज मांडला होता, की १९९२ ते २००६ या काळात गिधाडं गेल्यामुळं देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजनं ४७ हजारांवर जास्तीची माणसं मेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातली भटकी कुत्री १ कोटी ५३ लाख निघाली.

आजही गावाबाहेरच्या ओढ्यात काय दिसतं? मेलेलं वासरू, कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पिल्लं, मटणाच्या दुकानातला टाकाऊ भाग. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात, ते याहून वेगळं नाही. खाणं उघड्यावर पडलं तोवर कुत्री वाढणारच. एक मारलं तर दोन येतील. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरलं पाहिजे. शेडवाल्यांनी मेलेल्या पक्ष्यांसाठी झाकणाचा खड्डा ठेवला पाहिजे. हे ग्रामपंचायतीच्या हातातलं काम आहे.

मेलेल्या जनावरात कीडनाशक घालून लांडगा-कुत्रं मारण्याचा प्रकार तर कुणीच करू नये. त्यात आधी कावळे, घारी, कोल्हे, खोकडं आणि शेजाऱ्याचं पाळीव कुत्रं मरतं. ज्या फोरेटचा यासाठी वापर व्हायचा त्याच्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आली आहे. विष घालणं हा गुन्हा आहेच.

माळावर जाणारा रोग

कुत्र्याला डिस्टेंपर नावाचा रोग होतो. नाका-डोळ्यांतून पाणी, ताप, हगवण, पुढं झटके. पुष्कळ पिल्लं यातच जातात. आपण म्हणतो, वारं लागलं. हा विषाणू कुत्र्यावरून खोकडाला, कोल्ह्याला, लांडग्याला, अगदी वाघ-सिंहालाही लागू शकतो. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या रानात १९९४ साली या रोगानं तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. आपल्या गीरमध्ये २०१८ साली काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. सिंहासारख्या जनावराची ही गत, तर खोकडाची काय कथा! सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर झालेल्या अभ्यासातही कुत्र्यांचे रोग खोकडांपर्यंत पोचल्याचं दिसलं आहे. शिवाय कुत्री फिरतात तिथं खोकड धड चरायलाही धजत नाही.

लांडग्याचं दुखणं आणखी वेगळं. देशभरात लांडगे मिळून तीनेक हजार उरले असतील. माळ कमी झाले, लांडगे विखुरले, जोडीदार मिळेना झाला, आणि मोकाट कुत्री मात्र जागोजाग. पुण्याजवळच्या माळावर काही वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. त्यांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा ती लांडगा आणि कुत्रा यांची मिश्र संतती असल्याचं २०२३ साली पक्कं झालं. असंच चाललं तर काही पिढ्यांनी माळावर लांडगा म्हणून जे दिसेल ते धड लांडगा नसेल, धड कुत्रं नसेल.

मेंढपाळ म्हणेल, लांडगा संपला तर माझं काय बिघडलं? त्याचं मेंढरू लांडगा नेतो हे खोटं नाही. त्याची भरपाई वेळेवर आणि खेटे न घालता मिळाली पाहिजे, हे अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावं. पण कळपावर पडणारी सगळी जनावरं लांडगेच असतात असं नाही. मोकाट कुत्र्यांची टोळी एका रात्रीत अनेक मेंढरं फाडते आणि खात काहीच नाही. दोष लांडग्यावर जातो. लांडग्याला भरपाईचा कायदा आहे, मोकाट कुत्र्यानं फाडलेल्या मेंढराचं गाऱ्हाणं वन विभाग कुठून ऐकणार?

मेंढी गोल फिरते ती कशानं

कळपातली एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच दिशेनं गोल फिरू लागते, अडखळते आणि काही दिवसांनी मरते. याचं एक कारण कुत्र्याच्या पोटात असतं. कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते आणि अळी मेंढीच्या मेंदूत पाण्याचा फोड धरते. मेंढी मेली की तिचं डोकं आपण कुत्र्याला टाकतो. फोड कुत्र्याच्या पोटात गेला की पुन्हा कृमी तयार. चक्र पुरं झालं.

दुसऱ्या एका जातीचा कृमी असाच काळजात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी धरतो, आणि त्या गाठी माणसालाही होतात. कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या पोराच्या पोटात अंडी जाऊ शकतात. गाठ वाढायला वर्षं लागतात, मग पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते.

तोडगा स्वस्त आहे. कापलेल्या किंवा मेलेल्या मेंढरा-शेळीचं डोकं, काळीज, फुप्फुस कच्चं कुत्र्याला घालू नये. गाठी दिसल्या तर जाळावं किंवा खोल पुरावं. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं ठरावीक मुदतीनं जंताचं औषध द्यावं. मेंढरांना औषध पाजतो त्याच दिवशी कुत्र्यालाही पाजलं तर विसर पडत नाही.

पिसाळणं: इथं चुकीला माफी नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची १५ राज्यांतली पाहणी २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजनं मरत असावीत, असा अंदाज त्यात आहे. जनावर चावलेल्या दर पाच माणसांपैकी एकानं लसच घेतली नव्हती. हा रोग एकदा अंगावर दिसू लागला की माणूस वाचत नाही. आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ कधीच मरत नाही. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या रोगाचा नसेल.

जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत लस देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत वेगळं औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, भरावं लागतं. ते डॉक्टरांना आठवणीनं विचारावं. चार तारखा पुऱ्या कराव्यात. दोन इंजेक्शनं घेऊन ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडणं म्हणजे अर्धी विहीर खणण्यासारखं आहे.

पण दवाखान्याच्याही आधीची गोष्ट घरी करायची. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल यांतलं काही भरू नये. मंत्र, गंडा यांत वेळ घालवू नये. रोग अंगात दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षाहून जास्त. तोंडावर, डोक्यावर, हातावर चावलं असेल तर लवकर. लहान पोरांना नेमकं तिथंच चावतं. आणि पोरं मार बसेल म्हणून घरी सांगत नाहीत. म्हणून ‘ओरखडा निघाला तरी सांग’ हे शाळेत आणि घरात पोरांना बजावून ठेवावं.

‘आमचं कुत्रं चावत न्हाई’ आणि ‘भुंकणारं कुत्रं चावत न्हाई’ या दोन्हींवर विसंबू नये. पिसाळलेलं कुत्रं नेहमी धावत सुटलेलंच असतं असं नाही. काही वेळा ते मुकं होतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून मालक तोंडात हात घालतो. गाय-म्हशीच्या बाबतीतही हेच घडतं. हंबरून घसा बसलेलं, लाळ गाळणारं जनावर दिसलं तर तोंडात हात न घालता पशुवैद्यकाला बोलवावं. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. जनावराला कुत्रं चावलं तर त्यालाही लस आहे, ती लगेच सुरू करावी. अशा जनावराचं कच्चं दूध कुणी पिऊ नये. उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही, त्यामुळं चहा प्यायलेल्या सगळ्या गावानं घाबरून दवाखान्यात रांग लावायचं कारण नाही.

गोव्यानं केलं ते आपल्याला का जमू नये?

रेबीज हटवायचा तर कुत्री मारून हटत नाही, टोचून हटतो. गावातल्या दर शंभर कुत्र्यांपैकी सत्तर कुत्र्यांना लस असली की साथीची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यात हे झालं. तिथं पथकं गावोगाव हिंडली, जाळ्या घेऊन मोकाट कुत्री धरली, टोचली, खूण केली आणि सोडली. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ साली गोव्यानं आपलं राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं.

गावकारभाऱ्यांनी कायद्याची बाजूही बघावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सरसकट कुत्री मारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये टोचून-नसबंदी करून कुत्री सोडण्याचा आणि पिसाळलेली किंवा चावरी कुत्री न सोडण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्थानकं अशा जागांतून कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. कागद आले आहेत. काम गावात व्हायचं आहे.

ते काम असं करता येईल. ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि पशुवैद्यक यांनी मिळून गावच्या आणि वस्त्यांवरच्या कुत्र्यांची एक वही करावी: मालक कोण, लस कधी, नसबंदी झाली का. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात वस्तीवर जाऊन लसीकरण करावं. दिवाळीनंतर मेंढरं रानात उतरली की मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी दुसरी फेरी ठेवावी. त्यांना दवाखान्यात या म्हणण्यापेक्षा आपण वाड्यावर जावं. मेलेली जनावरं पुरण्याची जागा ठरवून द्यावी. ग्रामीण रुग्णालयात रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन शिल्लक आहे का, याची चौकशी सरपंचांनी दर महिन्याला करावी. आणि ग्रामसभेत या वहीचं वाचन व्हावं.

घरच्या माणसाच्या वाट्याला येतं ते एवढंच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढं दरवर्षी. त्याच वेळी डिस्टेंपरची लसही विचारावी. सांभाळता येतील तेवढीच कुत्री ठेवावीत, बाकीची नसबंदी करून घ्यावी. नको असलेली पिल्लं पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडण्याची खोड मोडावी. दोन वेळा पोटभर भाकरी घालावी, कारण उपाशी कुत्रंच शिकारीला आणि मढ्यावर जातं. आणि दिवस मावळला की राखणदाराला जाळीच्या दाराआड घ्यावं. गोठ्याची कडी लावायला रोज उठतोच आपण. तेव्हाच ही दुसरी कडीही लावून टाकावी.